सव्हानाला कधी जावं

त्रिशला म्हणते, बाबा, मार्चअखेरीला या.
तेव्हा इथली झुडपं पानं दिसू नयेत इतकी फुलतात,
घाम येत नाही, चिलटं नसतात,
आणि ओकच्या फांद्यांवरून जे लोंबतं ना,
ते अगदी आपल्या टेबलाखाली पडलेल्या
जळक्या तारेच्या गुंत्यासारखं दिसतं.
पोर रिवाइंडिंगच्या दुकानात वाढली,
तिला झाडातही मोटारच दिसणार.

मार्च.
मार्चात सांगलीवाडीत माझं दार बंद होत नाही.
लाईट रात्रीची, तीही लंगडी,
मोटारी पटापट जळतात.
कवठेपिरानचा माणूस मोटार टमटममध्ये घालून आणतो,
वर स्वतः बसतो, म्हणतो,
मगदूम, सकाळपर्यंत द्या, नाहीतर ऊस वाळला.
म्हणजे मार्च नाही.
मे-जून तिकडं आपल्यासारखंच, म्हणते ती,
फक्त घाम वाळत नाही.
डिसेंबरचं तिकीट म्हणजे जुना लेथ विकावा लागेल.
नोव्हेंबर चालला असता.
खरं सांगायचं तर नोव्हेंबर अगदी चालला असता.

पण एकोणीस साली पाणी आलं
तेव्हा आम्ही दोघं माळ्यावर होतो, दुकान खाली.
तिकडं रात्र होती की दिवस, मला हिशेब नव्हता.
ती दर तासाला विचारायची,
आयर्विनवर किती?
बावन्न.
त्रेपन्न.
चोपन्न आणि वर सहा इंच.
तांब्याची रिळं मी वर आणली होती,
तिच्या शाळेचे फोटो राहिले.
फोन चार टक्क्यांवर आला तेव्हा ती म्हणाली,
बोलू नका आता. नुसता चालू ठेवा.
चालू ठेवला.
तिकडून पंख्याचा आवाज येत होता,
इकडून तिला पाण्याचा जात असेल.

गेल्या सप्टेंबरात वादळ तिच्या गावावरून गेलं.
तिनं कळवलं नाही.
महिन्यानं व्हिडिओवर बोलताना
तिच्या मागं भिंतीवर एक रेघ दिसली,
गुडघ्याएवढी, आडवी, खालचा रंग मळका.
दुसऱ्या कुणाला कळली नसती.
माझ्या दुकानात तशा तीन आहेत,
मी त्या कधी रंगवल्या नाहीत,
गिऱ्हाईक विचारतं, मी साल सांगतो.
म्हटलं, रंग खराब झालाय गं भिंतीचा.
म्हणाली, हो, रंगच.

विश्रामबागच्या तिकीटवाल्या पोरानं
स्क्रीन माझ्याकडं फिरवला.
काका, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर?
स्वस्त आहे, पण तिकडं या दिवसांत कोण जात नाही.
फिरायला मार्च-एप्रिल बेस्ट.
मी म्हटलं, तुला कुणी विचारलं?
पोरगं हसलं. बरं पोरगं आहे.

अनंतमतीला घरी येऊन सांगितलं.
ती निवडत असलेली डाळ निवडतच राहिली.
चातुर्मासात मुनीसुद्धा गाव सोडत नाहीत,
तुम्ही समुद्र ओलांडायला निघालात?
मी गप्प.
सुपातला एक खडा तिनं बाजूला काढला,
तो बराच वेळ बोटात धरून बसली.
मग विचारलं, रेघ किती उंच होती?
मी गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं.
रात्री दिवा घालवताना म्हणाली,
दशलक्षणाचे उपास काय, तिथंही होतील.

कुबेरला किल्ल्या दिल्यात.
नदी आलीच, तर गाळ प्यालेल्या मोटारी तो उघडेल,
आधी गोड्या पाण्यानं धू, मग उन्हात, घाई करू नको,
एवढं चार वेळा सांगितलंय.
पाणी चढलं तर रिळं आधी वर,
आणि या वेळी फोटोही.

बॅगेत मेगर ठेवलाय, टेस्टिंगचा बल्ब,
दोन जुने टॉवेल.
विमानतळावर काढायला लावतील कदाचित.
व्हिसाच्या कागदावर कारण लिहायचं होतं.
पोरानं लिहिलं, पर्यटन.

त्रिशलाला अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं की म्हणेल, मार्च.